ग्रामसभा, विद्यापीठ आणि आपली रसशाळा

२००९ साली मेंढा (लेखा) या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली-चंद्रपूरमधील शेकडो ग्रामसभांना असे हक्क प्राप्त झाले. वनहक्क कायदा, २००६ नुसार केवळ तेंदू-बांबूच नव्हे, तर औषधी वनस्पती व कंदमुळेही गौण वनोपजात मोडतात. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने तर तेंदूसाठी होणारी तोड व लावली जाणारी आग वनास मारक ठरते म्हणून ते उत्पन्नच सोडले. २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आपल्या ‘एकल ग्रामसभा’ उपक्रमाद्वारे ग्रामसभांना प्रशिक्षण देते. या मेळात एक पक्ष मात्र अनुपस्थित आहे. तो म्हणजे आपण.

हिरडा, बेहडा, अर्जुनसाल आपण व्यापाऱ्याकडून घेतो. माल कोणत्या वनातील, कोणत्या ऋतूतील, हे गोणीवर लिहिलेले नसते व आपणही विचारीत नाही. त्वचा व कंद शरद ऋतूत घ्यावेत, हे चरकसंहितेच्या कल्पस्थानातील वचन परीक्षेत लिहून आपण गुण मिळविले. खरेदीच्या वेळी मात्र फक्त भाव पाहतो. अर्जुनाची बाहेरची साल एका बाजूने उभ्या पट्टीत काढल्यास पुन्हा भरून येते. खोडाभोवती सर्व बाजूंनी सोलल्यास झाड वाळते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण येथे स्वस्त साल मागणाऱ्या आपणांसच लागू पडते.

जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना मंडळास पूर्वसूचना देण्यापासून सूट दिली. अनेक वैद्यबंधूंना हा विजय वाटला. मला तसे वाटत नाही. वनात वावरणारे गुराखी-मेंढपाळ औषधी नामरूपाने जाणतात, हे खुद्द चरकाचार्यांनीच मान्य केले आहे. त्यांचे देणे कायद्याने माफ केले म्हणून फिटत नाही.

आपल्या जिल्हा शाखांनी द्रव्य, अंग, ऋतू व वजन नमूद करून वार्षिक मागणीची यादी ग्रामसभांना द्यावी. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांना द्रव्याची ओळख पटविण्याची व किती साल काढता येईल हे मोजण्याची विनंती करावी. भाव बाजारापेक्षा चढा द्यावा लागेल, हे उघड आहे. परवडत नाही म्हणणाऱ्या रसशाळाचालकांनी अर्जुनारिष्टाच्या बाटलीत सालीची किंमत किती, हे आधी आपल्याच वहीत पाहावे. पहिल्या वर्षी एकच तालुका व एकच द्रव्य घेतले तरी चालेल. परंतु साल आश्विन-कार्तिकात हवी असेल, तर यादी ज्येष्ठातच ग्रामसभेच्या हाती पडली पाहिजे.