फॉईलचे लोणार

मुलांनो, शाळेच्या प्रदर्शनासाठी आपल्या जिल्ह्यातले लोणार सरोवर बनवायचे आहे? अम्मीकडून पोळ्या गुंडाळलेली फॉईल मागून घ्या, धुऊन सपाट करा.

हे विवर सुमारे १,८०० मीटर रुंद आणि काठापासून पाण्यापर्यंत सुमारे १३७ मीटर खोल आहे. १०० मीटरला १ सेंटिमीटर धरले, तर मॉडेल १८ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम दीड सेंटिमीटर खोल होते. म्हणजे वाटी नव्हे, थाळी! खोल वाटी केली, तर पाहणाऱ्याला लोणार चुकीचे कळेल.

ओल्या मातीत उथळ खळगा करा, त्यावर फॉईलचे दोन पदर बोटाने हलके दाबा. फॉईल दिलेला आकार धरून ठेवते. सुरकुत्या राहू द्या, त्याच कड्याकपारी दिसतील.