टेबलाखालचं संगीत

बँकेत संध्याकाळी टॅली लागेपर्यंत सुटका नसे. मग हात वाया गेलेल्या स्लिपांमागे नक्षी काढीत बसे. वाटाघाटी फिसकटल्या की युनियनवाले आम्हा अधिकाऱ्यांशी बोलत नसत. कॅसेटी मात्र टेबलाखालून जात-येत! १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मला अशीच मिळाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूत ती पुरी मावे. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. परतफेड म्हणून माझी नक्षी डबीतला कागद होऊन जाई.

हल्ली पोरं मोबाइलवरून क्षणात गाणं धाडतात. सोय झकास, पण काश्मिरी मेंढपाळाचा अख्खा दिवस रंगवणाऱ्या रेकॉर्डमधला एकच तुकडा धाडणं मला पटत नाही. धाडायचा तर सबंध दिवस धाडा की! सोबत हाताने काढलेला एखादा वेडावाकडा मोरही चालेल.