मित्रांच्या यादीतले आपण

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" प्रायव्हसीचा विषय निघाला की ऑफिसात हे वाक्य ठरलेलं. आमचा एक सहकारी तर त्याच्याही पुढचा. तो फेसबुकवर नाही, इन्स्टावर नाही. "नकाशावरच नाही तर सापडणार कसा?" म्हणतो.

मला हे पटत नाही. त्याचा नंबर टीममधल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी दिलेली आहे. म्हणजे साहेबांचा नोड रिकामा असेल, पण त्याच्याकडे येणाऱ्या रेघा केव्हाच काढून झाल्या आहेत. (इंजिनिअरिंगला ग्राफ थिअरी पासिंगपुरती केली असेल तरी एवढं आठवत असेलच!)

केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण आठवतंय? २०१८ मध्ये उघडकीला आलं ते. व्यक्तिमत्त्व चाचणीचं अ‍ॅप घेणारे लोक होते तीन लाखांच्या आतबाहेर. माहिती गेली किती जणांची? फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत. बाकीच्यांचा दोष इतकाच, की त्यांच्या मित्राने ते अ‍ॅप घेतलं होतं. तेव्हा प्रायव्हसी ही एकट्याची मालमत्ता नाहीच मुळी. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखी आहे ती. एकाने घाण केली की सगळ्यांच्या नळाला येते.

बरं, हा नकाशा नुसता काढून ठेवत नाहीत, वापरतातही. २ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत निवडणूक होती. फेसबुकने तिथल्या ६ कोटींहून जास्त लोकांवर एक प्रयोग केला. काहींना 'आज मतदान करा' असा साधा संदेश दाखवला, तर बहुतेकांना तोच संदेश, पण खाली मतदान केलेल्या मित्रांचे चेहरे. साध्या संदेशाने मतदानात फरक पडला नाही. चेहरे पाहिलेल्यांचं मतदान वाढलं. टक्केवारीत अगदी किरकोळ, पण त्यांचे जवळचे मित्र धरून संशोधकांचा अंदाज ३ लाख ४० हजार जादा मतांचा. २०१२ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापूनही आलं. मतदान चांगलंच हो, पण उद्या कुणाला चेहरे दाखवायचे आणि कुणाला नाही, हे ठरवणार कोण?

असो. एक गंमत सांगतो. स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवलं, की बहुतेकांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. कारण सोपं आहे. ज्याला खूप मित्र, तो खूप जणांच्या यादीत. पाच जणांच्या ग्रुपमध्ये एकालाच बाकीचे चौघे ओळखत असतील, तर त्या चौघांनाही वाटणार की आपला मित्र आपल्यापेक्षा चौपट लोकप्रिय! फीडचंही तेच. जे सगळ्यांशी जोडलेले आणि सतत पोस्ट टाकणारे, तेच सगळ्यांना दिसतात. घरी वरणभात खाऊन झोपलेले दिसत नाहीत.

अर्थात हे गणित पाठ असूनही, रविवारी संध्याकाळी कुणाचे लडाखचे फोटो दिसले की पोटात जे व्हायचं ते होतंच :)