मंगळावर वस्ती कधी? उत्तराआधी मणिबेलीचा हिशेब बघा

मंगळावर माणूस उतरवण्याच्या तारखा जाहीर होतात आणि पुढे जातात. 'स्पेसएक्स'च्या इलॉन मस्क यांनी २०१७ मध्ये सांगितलेले वर्ष होते २०२४. ते उलटून गेले. मग वस्ती कधी? त्याआधी 'वस्ती' म्हणजे काय, हे ठरवावे लागेल.

वस्ती कशाला म्हणायचे?

याची एक यादी आपल्याकडे आहे. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्ये सरदार सरोवरातील विस्थापितांसाठी ती घालून दिली. १०० कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर, ५०० कुटुंबांमागे दवाखाना. पाव हिश्शाहून जास्त जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर सिंचनाची जमीन. शेतजमीन आणि घराची जागा तर बुडिताच्या वर्षभर आधी तयार हवी. म्हणजे आधी सोय, मग स्थलांतर.

नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली हे या बुडिताचा फटका बसलेले महाराष्ट्रातील पहिले गाव. १९९३ मध्ये तिथल्या घरांत पाणी शिरले, तेव्हा अनेक कुटुंबांनी गाव सोडायला नकार दिला होता. पुनर्वसनाचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. हे सगळे याच पृथ्वीवर, जिथे हवा फुकट आहे.

मंगळावर काय तयार आहे?

हवा: वातावरणाचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहून कमी आणि त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. 'पर्सिव्हरन्स' रोव्हरवरील 'मॉक्सी' यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये त्यातून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. एका माणसाला तो चार तासही पुरणार नाही.

माती: तिच्यात परक्लोरेट हे विषारी क्षार आहेत. ते काढल्याशिवाय शेती नाही.

मदत: पृथ्वीवरून निघण्याची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदा येते. प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. मणिबेलीच्या माणसाला मोर्चा घेऊन नंदुरबार गाठता येत होते. मंगळावरून तक्रारीचा संदेश यायलाच २२ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो.

पृथ्वीवर प्रयोग झाला का?

झाला. अमेरिकेतील ॲरिझोनात 'बायोस्फिअर २' या बंद काचगृहात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ जण राहिले. आतला ऑक्सिजन इतका घटला की बाहेरून सोडावा लागला. अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २००० पासून सतत माणसे आहेत, पण त्यांचे जेवण अजूनही पृथ्वीवरूनच जाते.

मग अंदाज काय?

भारताचे लक्ष्य २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय हे आहे. मंगळावर काही जण उतरून परतणे त्यानंतरच्या दशकांत शक्य दिसते. पण मूल जन्मेल, शाळेत जाईल आणि रसद थांबली तरी जगेल अशी वस्ती या शतकात होणे अवघड आहे.

पुढची तारीख जाहीर झाली की रॉकेटच्या आकाराआधी एवढेच विचारा: माणसे निघण्याच्या वर्षभर आधी तिथे हवा, पाणी आणि अन्न तयार असेल का?