फॉर्म म्हणजे काय रे भाऊ?

वर्ल्डकपला सहा महिने असोत नाहीतर सहा दिवस, आपल्याकडे निकाल आधीच लागलेला असतो! पेपरात प्रत्येक टीमच्या शेवटच्या पाच मॅचेसचा तक्ता येतो. हिरवा ठिपका म्हणजे जिंकले, लाल म्हणजे हरले. झालं, चर्चा सुरू. होस्टेलच्या मेसमध्ये "ही टीम आउट ऑफ फॉर्म आहे यार" म्हणतात, आणि आमच्या विजयदुर्गच्या धक्क्यावर चहा पिणारे काका "ह्येंचा काय खरा नाय!" म्हणून विषय संपवतात. शब्द वेगळे, कॉन्फिडन्स तोच.

माझं म्हणणं असं की हा तक्ताच फसवा आहे. तो निकाल सांगतो, पण समोर कोण होतं, मॅच कुठे झाली, आपले कोण कोण खेळले, किती फरकाने हरलो, हे काहीच सांगत नाही. आणि खरा फॉर्म तर तिथेच असतो.

२००७ चंच बघा. वर्ल्डकपच्या तोंडावर ऑस्ट्रेलिया लागोपाठ पाच वनडे हरली होती. घरच्या तिरंगी स्पर्धेच्या दोन्ही फायनल्स इंग्लंडने जिंकल्या, मग न्यूझीलंडने ३-० धुतलं. पाचही ठिपके लाल! उलट आपण घरी वेस्ट इंडिजला ३-१ आणि श्रीलंकेला २-१ हरवून निघालो होतो. पुढे काय झालं? ऑस्ट्रेलियाने वर्ल्डकपमधल्या अकराच्या अकरा मॅचेस जिंकल्या. आपण १७ मार्चला बांगलादेशकडून हरलो, मग श्रीलंकेकडून, आणि साखळीतच बॅगा भरल्या.

याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही. न्यूझीलंडमध्ये पाँटिंग आणि गिलख्रिस्ट विश्रांतीवर होते, सायमंड्स जखमी होता. म्हणजे जी टीम हरली ती वर्ल्डकप खेळणारी टीमच नव्हती. आणि आपण? नागपूरला ३३८ करून वेस्ट इंडिजला ३२४ करू दिले आणि १४ धावांनी जिंकलो. तक्त्यात ठिपका हिरवा, पण बोलिंगची बोंब त्या ठिपक्यात दिसत नाही.

आता विजयदुर्गची मुलगी लिहितेय आणि किल्ला नाही, असं कसं होईल! आमच्या किल्ल्याचा रेकॉर्ड जबरदस्त होता. १७२० मध्ये इंग्रज आले, हात हलवत परत गेले. १७२४ मध्ये डच आले, तेही तसेच गेले. त्या काळी पेपर असता तर १७५६ साली 'विजयदुर्ग फेव्हरिट' असंच छापून आलं असतं. पण त्या फेब्रुवारीत समुद्रातून इंग्रजांचं आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य, असे दोघे मिळून आले. तोफगोळ्याने आंग्रेंच्या एका जहाजाला आग लागली, ती पसरत जाऊन सगळं आरमार जळलं आणि किल्ला पडला. जुना रेकॉर्ड खोटा नव्हता. फक्त तो वेगळ्या मॅचचा होता!

दुसरं उदाहरण मात्र आनंदाचं. २०२५ च्या महिला वर्ल्डकपमध्ये आपली टीम साखळीत लागोपाठ तीन मॅचेस हरली. लोकांनी लगेच श्रद्धांजली वाहून टाकली. पण नीट बघितलं असतं तर? दक्षिण आफ्रिकेकडून तीन विकेट्सनी, ऑस्ट्रेलियाकडून तीन विकेट्सनी आणि इंग्लंडकडून फक्त चार रन्सनी हरलो होतो. आणि सेमीफायनलला आपल्याबरोबर पोचलेल्या टीम्स कोणत्या? याच तीन! म्हणजे आपण सर्वात चांगल्या टीम्सशी अगदी थोडक्यात हरत होतो. याला काय आउट ऑफ फॉर्म म्हणायचं?

जेमिमा रॉड्रिग्जचंही तेच. स्पर्धेत दोनदा शून्यावर आउट, इंग्लंडविरुद्ध तर टीमबाहेर. आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत, तोवर एकही मॅच न हरलेल्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध, ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७! तीन दिवसांनी त्याच मैदानावर आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्डकप जिंकला.

त्या सेमीफायनलनंतर जेमिमाने सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या दिवसांत ती खूप अस्वस्थ असायची, आईला फोन करून रडायची. ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली, कारण "हिला काढा" म्हणणाऱ्यांत मीपण होते. २००७ ला बांगलादेशकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्याच कॅप्टनशिपखाली आपण टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकला! चुकीचं मोजमाप फक्त अंदाज चुकवत नाही, ते माणसांवर दगड मारायला लावतं.

२०२७ चा वनडे वर्ल्डकप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तेव्हाही तक्ते येतील. माझी एवढीच विनंती, की ठिपके मोजण्याआधी चार प्रश्न विचारा. मॅचेस घरी झाल्या की उसळत्या विकेटवर? पूर्ण टीम खेळली का? हरलो तर किती फरकाने? आणि जिंकलो तर शेवटच्या दहा ओव्हर्समध्ये बोलिंगने किती दिले? उत्तरं मिळाल्यावर खुशाल भांडा.

नाहीतरी आपण इंजिनिअरिंगवाले! लॅबमध्ये दोन रीडिंग्ज घेऊन कर्व्ह काढला तर सर जर्नल फेकून देतात. मग पाच ठिपक्यांवरून वर्ल्डकपचा निकाल कसा काय काढतो आपण?

बघा पटतंय का. नाही पटलं तर या आमच्या धक्क्यावर. चहा माझ्याकडून, गजाली काकांकडून!