विश्लेषण : थायरॉइडची गाठ छोटी, तरी ‘उपप्रकार’ का महत्त्वाचा?

मानेची सोनोग्राफी आता जिल्ह्याच्या ठिकाणी सहज होते. त्यामुळे जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये असलेल्या नशिराबादमधील रुग्णाच्या हातीही ‘थायरॉइडमध्ये लहान गाठ’ असा रिपोर्ट पडू शकतो. अशा बहुतेक गाठी साध्या असतात. पण ती कर्करोगाची निघाली, तर आकार लहान म्हणून निर्धास्त राहायचे का?

लहान गाठ किती धोक्याची?

थायरॉइडच्या कर्करोगांत ‘पॅपिलरी’ हा प्रकार सर्वाधिक आढळतो. एक सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठी बहुधा संथ असतात. दक्षिण कोरियात तपासण्या वाढल्याने २०११ मध्ये निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. जपानमधील कुमा रुग्णालयाने कमी जोखमीच्या १,२३५ रुग्णांवर लगेच शस्त्रक्रिया न करता देखरेख ठेवली. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांची गाठ वाढली, ३.८ टक्के रुग्णांत आजार लसिकाग्रंथींत पोहोचला. या कर्करोगाने कुणीही दगावले नाही, असे २०१४ च्या अहवालात नमूद आहे.

मग अपवाद कोणते?

‘टॉल सेल’, ‘हॉबनेल’ आणि ‘कॉलमनार सेल’ हे पॅपिलरीचे उपप्रकार तुलनेने आक्रमक आहेत. गाठ लहान असतानाही ते ग्रंथीबाहेर किंवा लसिकाग्रंथींत पसरण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात ‘मायक्रोकार्सिनोमा’ हा स्वतंत्र उपप्रकार राहिला नाही. लहान गाठीचाही उपप्रकार नोंदवणे अपेक्षित आहे. ‘मेड्युलरी’ हा तर वेगळाच कर्करोग. त्यावर किरणोत्सारी आयोडीनचा उपयोग होत नाही आणि सुमारे चौथाई रुग्णांत तो आनुवंशिक असतो.

अडचण कुठे येते?

सुईने घेतलेल्या नमुन्यात कर्करोग कळतो; उपप्रकार मात्र बहुतेकदा गाठ काढून तपासल्यावरच निश्चित होतो. त्यामुळे देखरेखीचा पर्याय निवडला, तर ठरलेल्या वेळी सोनोग्राफी चुकवून चालत नाही.

रिपोर्टमध्ये काय पाहावे?

शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टमध्ये उपप्रकार, रक्तवाहिन्यांतील शिरकाव, ग्रंथीबाहेरील प्रसार आणि लसिकाग्रंथींची स्थिती या चार नोंदी पाहाव्यात. उपप्रकार लिहिलेला नसेल, तर डॉक्टरांना विचारावे. स्लाइड आणि ब्लॉक मागून घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या केंद्रात दुसरे मत घेता येते. उरलेली ग्रंथी काढायची का, आयोडीन द्यायचे का, हे ठरवताना याच नोंदी कामी येतात.