आत्याबाईंच्या ओव्या

आमच्या आत्याबाई पालघरास राहतात. वय नव्वदीच्या घरांत. दृष्टि मंदावली, परंतु स्मरण शाबूत आहे. जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं त्यांस मुखोद्गत. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं गांवांत मोर्च्यावर गोळीबार होऊन पांच तरुण हुतात्मे झाले, त्या रात्रीं आपल्या घरीं चूल पेटली नाहीं, हेंहि त्या सांगतात. मात्र आवाज इतका क्षीण झाला आहे कीं, शेजारीं बसलेल्यासहि कान द्यावा लागतो. तो टिपून ठेवावा म्हणून घरच्या संगणकास मायक्रोफोन जोडला, तों खरखरीपलीकडे कांहीं ऐकूं येईना. ‘जरा मोठ्यानें म्हणा’ असें विनविलें, तेव्हां दोन ओव्यांतच त्यांस दम लागला आणि चालहि बिघडली.

बोईसरचा आमचा भाचा पुढल्या रविवारीं आला तो कागदाच्या पुडींत सामान घेऊनच. त्याचें म्हणणें असें कीं, अशा आवाजानें मायक्रोफोनांत उत्पन्न होणारा विद्युद्दाब व्होल्टाच्या हजाराव्या हिश्शाहूनहि थोडा; तो संगणकापर्यंत पोंचण्यापूर्वींच वाढविला पाहिजे. त्यासाठीं बी. सी. ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर पुरतो. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोंकापासून ४.७ किलोओहमचा रोधक कलेक्टरास जातो. एमिटर ऋण टोंकास. कलेक्टर व बेस यांमध्यें १ मेगाओहमचा रोधक. वाटाण्याएवढ्या मायक्रोफोनासहि थोडी वीज लागते, ती १० किलोओहमच्या रोधकांतून मिळते. त्याच सांध्यापासून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आवाज बेसवर येतो, आणि कलेक्टरावरून तशाच दुसऱ्या कपॅसिटरमधून संगणकाच्या ‘लाइन-इन’ खांचेंत जातो.

आवाजास बळ ट्रान्झिस्टर देतो, असें मात्र नव्हे. पाटाचें दार उघडणारा मुलगा पाणी निर्माण करीत नाहीं, सोडतो. बेसवरील अल्प प्रवाह कलेक्टरांतील मोठा प्रवाह तसाच सोडतो. शक्ति सगळी बॅटरीची. मेगाओहमचा रोधक ही या संसारांतील काटकसरी गृहिणी: ट्रान्झिस्टर तापून अधिक वीज ओढूं लागला कीं कलेक्टराचा दाब उतरतो, त्यामुळें बेसला कमी मिळतें आणि उधळपट्टी थांबते. एवढ्याशा जोडणीनें तीसचाळीस पट वाढ होते.

पण पहिल्या प्रयत्नांत फजिती झाली. बॅटरीऐवजीं भिंतींतील विजेवर चालणारा अडाप्टर घेतला होता, आणि मायक्रोफोनापासून दहा फूट साध्या तारेनंतर ही जोडणी ठेविली होती. ओवीऐवजीं ऐकूं आली एक संथ गुरगुर. घरांतील वीज सेकंदास ५० वेळां हेलकावते, तिची ती. तारापूरचें अणुवीज केंद्र, देशांतील पहिलें, १९६९ सालीं सुरू झालें, तो काळ आत्याबाईंस चांगला आठवतो. त्या म्हणाल्या, ‘माझ्याआधीं तारापूरच बोलूं लागलें कीं रे!’

तारेनें वाटेंत जें जें उचललें तेंहि तितक्याच पटीनें वाढतें. म्हणून जोडणी मायक्रोफोनाच्या पाठीशीं बोटभर अंतरावर आणली, पत्र्याच्या डबींत बसविली, डबी बॅटरीच्या ऋण टोंकास जोडली आणि पुढें जाळीदार वेष्टणाची तार घेतली. पंखा बंद केला. मायक्रोफोन वीतभर अंतरावर सरकविला. अंतर निम्में झालें कीं आवाजाचा दाब सुमारें दुप्पट होतो, आणि ही वाढ फुकटची.

दुपारपर्यंत अकरा ओव्या टिपल्या. परत ऐकविल्या तेव्हां आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटीं म्हणाल्या, ‘तिसरींत माहेरचें नांव राहिलें. पुन्हां घे.’ बॅटरी जोडलेलीच होती.